मोह वेचायचा, सुकवायचा आणि श्रावणापर्यंत राखायचा

गडचिरोलीतल्या धानोऱ्याकडं आमच्या गावात फाल्गुन सरत आला की पहाटेच टोपल्यांची हालचाल सुरू होते. मोहाचं फूल पहाटे गळतं. ऊन चढलं की फूल मऊ पडतं, मुंग्या लागतात, गुरं खाऊन जातात. तरी एकटीनं अंधारात जाऊ नका. अस्वलालाही मोह आवडतो आणि ते आपल्या आधी येऊन बसलेलं असतं. चौघी-पाचजणींनी फटफटल्यावर निघायचं, मोठ्यानं बोलत.

झाडाखालचा पाला जाळायचा नाही. फुलं दिसावीत म्हणून आमच्याकडंही जाळायचे; पण आग एका झाडाखाली थांबत नाही, मोहाची लहान रोपंही करपतात. आदल्या सांजेला खराट्यानं झाडून घ्या आणि जुनी लुगडी अंथरा. नाहीतर हिरवी नेट चार खुंट्यांना हातभर उंच बांधा, माती लागतच नाही. माझी सासू आधी हसली. तिसऱ्या दिवशी तिच्या झाडाखाली माझंच लुगडं होतं.

खरी मेहनत सुकवण्यात आहे. चटईवर पातळ पसरा, दुपारी उलटा, सांजेला झाका, कारण दवानं सगळं वाया जातं. चार-पाच कडक उन्हं लागतात. पिवळसर फूल मनुक्यासारखं तांबूस होतं. मूठभर घेऊन घट्ट आवळा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून ओलं आहे. फुलं सुटी झाली तर भरा. खायची फुलं चोळून, पाखडून आतले केसर काढून टाका.

एका वर्षी घाई केली. अर्धवट सुकलेला मोह खताच्या प्लॅस्टिक पोत्यात कोंबला. मृगात तोंड सोडलं तर बुरशी आणि असा वास, की शेजारच्या काकांनी विचारलं, "भट्टी लावली का गं?" तेव्हापासून साठवायला शेणमातीनं लिंपलेली बांबूची ढोली, म्हणजे कणगी, जमिनीपासून उंच फळीवर. थोडा असेल तर माठही चालतो.

हंगामात सगळेच विकतात, म्हणून भाव पडतो. गरजेपुरता विका, बाकी पावसाळ्यासाठी धरा. 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात जे मिळतं त्यावर, आपला हक्क मान्य केला आहे आणि 2021 साली राज्य सरकारनं मोहफुलांवरची बंधनंही उठवली. त्यामुळं घरात मोह ठेवला म्हणून घाबरायचं कारण नाही. ग्रामसभेनं एकत्र विकला तर वजनकाटाही आपला.

पण आधी पोटाचा वाटा बाजूला काढा. आषाढ-श्रावणात रोवणी चालू असते, कोठीतलं धान तळाला गेलेलं असतं. तेव्हा मोह मंद आचेवर भाजायचा, भाजलेली जवस घालून उखळात कुटायचा आणि गरम असतानाच लाडू वळायचे. गूळ लागत नाही. बांधावर दोन लाडू खाल्ले की दुपार निघते.

नेट मात्र गुंडाळून नीट ठेवा. पावसाच्या तोंडावर टोळ, म्हणजे मोहाची फळं, गळतात, तेलासाठी ते वेचायला तीच लागते.