मुरमाच्या वळणावर पुढचं चाक सटकायचं, ते असं थांबलं

सुट्या मुरमाच्या उतारावर वळताना माउंटन बाइकचं पुढचं चाक बाहेर सटकत होतं. दोष टायरच्या नक्षीत नव्हता. हवा आणि ब्रेक दोन्ही चुकत होते.

टायरमध्ये ४५ पीएसआय हवा होती. डांबरावर ठीक, पण खड्यांवर इतका कडक टायर नुसता उड्या मारतो. २.२५ इंची टायर, आत ट्यूब आणि वजन ७० किलोच्या आसपास असेल तर पुढे २५, मागे २८ पुरे. ट्यूब असताना फार खाली जाऊ नका. दगडावर ट्यूब रिमखाली चेमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

खरी मेख ब्रेकची. वळणाच्या मध्यात पुढचा ब्रेक दाबला की टायरची पकड वेग कमी करण्यातच खर्च होते, वळायला उरत नाही. म्हणून वेग वळणाआधीच, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकेका बोटाने दाबून उतरवायचा. मग ब्रेक सोडायचे.

सीट ५ ते ७ सेंटिमीटर खाली. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल तळाला, वजन त्यावर. कोपरं बाहेर, छाती हँडलकडे. भीतीने मागे सरकलात तर पुढचं चाक हलकं होऊन हमखास सुटतं. झुकवायची ती सायकल, अंग नव्हे. नजर वळण संपतं तिथे.

सरावाला मैदानात ३-३ मीटरवर ६ बाटल्या मांडून नागमोडी फेऱ्या मारा. डावं-उजवं सारखं जमत नाही. कच्च्या बाजूला दुप्पट फेऱ्या द्या.