जॉर्डन पाँडच्या काठाने धावताना

अमेरिकेतील मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात जॉर्डन पाँड या तलावाला वळसा घालणारी सुमारे ५.३ किलोमीटरची पायवाट आहे. तिच्यावर मोठे चढ नाहीत. तरीही संपूर्ण फेरी एकाच वेगाने धावण्याचा बेत आखू नये. पूर्वेकडचा काठ बारीक खडी बसवलेला असल्याने धावण्यास उत्तम आहे, आणि समोर ‘बबल्स’ या दोन गोलाकार टेकड्या दिसत राहतात. पश्चिमेकडे मात्र मुळे आणि दगड लागतात, तर दलदलीच्या भागात अरुंद फळ्यांची लांबलचक वाट आहे. पाऊस पडून गेल्यावर किंवा सकाळच्या दवात या फळ्या निसरड्या होतात, आणि समोरून कोणी आल्यास एकाला थांबावेच लागते. अशा वेळी फळीवरून खाली उतरू नये, कारण ओल्या जमिनीतील नाजूक वनस्पती पायाखाली तुडवल्या जातात.

म्हणून दक्षिण टोकापासून पूर्वकाठाने धावत जावे आणि उत्तर टोकाहून त्याच वाटेने परतावे. पूर्ण फेरीच करायची असेल, तर पश्चिमकाठ चालतच पार करावा, हे मला सर्वांत योग्य वाटते. सलग लांब धावायचे असल्यास जवळचे मोटारबंदी असलेले ‘कॅरेज रोड’ अधिक सोयीचे आहेत. तलावाचे पाणी पिण्यासाठी पुरवले जाते, त्यामुळे घाम आला तरी त्यात पाय बुडवण्यास मनाई आहे. उन्हाळ्यात वाहनतळ लवकर भरतो, पहाटेच पोहोचावे.