बाळाचा एकच पाय जास्त वाढतोय? जनुकीय तपासणीत या चुका टाळा

जन्मतःच बाळाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड आणि लांब दिसला की घरात कुजबूज सुरू होते. गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल, नाहीतर आईच्या माहेरी कुणाला तरी असणार! हा दोष आईच्या माथी मारणं बंद करा. अशा बहुतेक मुलांच्या आईवडिलांची जनुकं ठणठणीत असतात. गर्भ राहिल्यानंतर, वाढत्या गर्भातल्या एखाद्याच पेशीत पीआयके३सीए या जनुकात बदल होतो. त्या पेशीपासून पुढे जेवढ्या पेशी तयार होतात, तेवढ्यांनाच वाढीचा संदेश सतत मिळत राहतो. लालसर डाग, फुगलेल्या शिरा आणि जाड पाय असं एकत्र दिसणारा क्लिपेल-ट्रेनॉने सिंड्रोम बहुतेकदा यातूनच होतो. पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता फारच कमी असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त रक्त तपासून थांबणं. हजारो रुपये खर्चून एक्झोम टेस्ट (जनुकांतला प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी तपासणी) होते, रिपोर्टवर ‘दोष आढळला नाही’ असं येतं आणि फाइल कपाटात जाते. पण रक्ताच्या पेशींत तो बदल बहुधा नसतोच. नमुना वाढलेल्या भागातूनच घ्यायला हवा: त्वचेचा, चरबीचा छोटा तुकडा. मोजक्याच पेशींतला बदल शोधायचा आहे, हे लॅबला लेखी कळवा, म्हणजे ते जास्त खोलीचं सिक्वेन्सिंग करतील, म्हणजेच डीएनएचा तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतील. चरबी काढण्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनशी आदल्या दिवशीच बोला. काढलेला सगळा भाग फॉर्मलिन या नमुने टिकवण्याच्या रसायनात गेला की डीएनए तुटतो आणि चांगला नमुना हातचा जातो.

कोकणात किंवा विदर्भात असा पाय पाहून कुणी ‘हत्तीपाय’ म्हणेल. फायलेरियाची सूज संसर्गानंतर बऱ्याच वर्षांनी येते, तान्ह्या बाळात नाही.

प्रत्येक जाड पायाला एकच नाव देऊ नका. प्रोटियस सिंड्रोम हा अशाच बेढब वाढीचा वेगळा आजार; त्यामागचा एकेटी१ जनुकातला बदल २०११ साली सापडला. त्यात मूल जन्मतः बहुधा नेहमीसारखंच दिसतं, वाढ नंतर बेसुमार होते. पीटीईएन आणि आरएएसए१ या जनुकांमधले बदल मात्र आईवडिलांकडून येऊ शकतात. डोकं मोठं असेल किंवा घरात आणखी कुणाला तसेच लाल डाग असतील, तर या जनुकांसाठी रक्ततपासणी योग्यच. शरीराची एक अख्खी बाजू मोठी असेल तर अकराव्या गुणसूत्राची मिथायलेशन टेस्ट (जनुकं चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणांची तपासणी) विचारा. साध्या सिक्वेन्सिंगमध्ये या खुणांतला बिघाड दिसत नाही. अशा मुलांना विल्म्स हा मूत्रपिंडाचा ट्यूमर होण्याचा धोका असतो, म्हणून सात वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी चुकवू नका.

पीआयके३सीएतले हेच बदल स्तनाच्या कॅन्सरमध्येही सापडतात, पण तेवढ्यावरून रिपोर्ट वाचून घाबरू नका. बाळाला कॅन्सर आहे असा त्याचा अर्थ नाही. कॅन्सरवरचंच अल्पेलिसिब हे औषध अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये दोन वर्षांवरच्या, गंभीर त्रास असलेल्या अशा रुग्णांसाठी मंजूर झालं. त्याने साखर वाढू शकते, तेव्हा ते सुरू करण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्यावीच लागते.