संगीत सौभद्र: गोड पदांखालची भीती शोधायची कशी

पहिली तालीम पदांशिवाय घ्या. 'सौभद्र' या संगीत नाटकाची पदं कानात इतकी बसलेली असतात की मधल्या गद्याकडे लक्षच जात नाही. पेटी-तबला बाजूला ठेवून पाचही अंक सलग वाचले की चित्र वेगळं दिसतं. एका भावाने, बलरामाने, बहिणीचं म्हणजे सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, आणि दुसरा, कृष्ण, ते मोडायला तिच्याही नकळत कारस्थान रचतोय.

मग संहितेवर दोन रंगांच्या पेन्सिली चालवा. सुभद्रेला खरी परिस्थिती ठाऊक आहे तिथे निळी रेघ, तिच्यापासून ती लपवली आहे तिथे लाल. बलरामाला का फसवायचं ते कळतं. पण जिचं अर्जुनावरच प्रेम आहे, तिला त्रिदंडी यतीच्या, म्हणजे संन्यासी बनून आलेल्या अर्जुनाच्याच, सेवेला लावून तो कोण हे का सांगायचं नाही? दिग्दर्शकाने याचं उत्तर उभ्या तालमींआधी ठरवावं, नाहीतर कृष्ण प्रत्येक प्रवेशात निराळा दिसतो.

आता महाभारताचं आदिपर्व काढा. तिथे कृष्ण अर्जुनाला सांगतो की स्वयंवराचा भरवसा नाही, तिला पळवून ने. पुढे संतापलेल्या बलरामासमोर तोच म्हणतो, कन्येचं पशूसारखं दान कोणाला मान्य होईल? सुभद्रेला मात्र दोन्ही वेळा कोणी विचारत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी तिला प्रेम दिलं, 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणणारा आवाज दिला. निर्णय दिला नाही. नाटकाचे पहिले तीन अंक पुण्यात १८ नोव्हेंबर १८८२ रोजी रंगभूमीवर आले. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचं स्त्रियांवरच्या अन्यायाबद्दलचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं गेलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. त्या पदातला प्रश्न तेव्हाच्या घराघरांतला होता हे लक्षात येईल.

या पदात सुरुवातीला ताना घेऊ नका. 'शरण'नंतर दोन सेकंद थांबा, दाद आली तरी. गळ्याची तयारी दाखवायला पुढे पदं भरपूर आहेत. इथे ताना आल्या की मुलीची भीती संपते आणि मैफल सुरू होते.

सर्वांत जास्त फसतो तो बलराम. त्याला निव्वळ तापट आणि भोळा केला की प्रेक्षक हसतात आणि धोका उरत नाही. तो बहिणीवर खरं प्रेम करणारा, शिष्याला दिलेला शब्द पाळणारा माणूस हवा. दुर्योधन त्याचा गदायुद्धातला शिष्य, म्हणून नकार देणं अवघड. उलट कृष्णाला खलनायकही करू नका. त्याची मिस्किली तशीच राहू द्या, फक्त तो हसत असताना सुभद्रेला प्रेक्षकांसमोर ठेवा.

यती म्हणजेच अर्जुन हे कळतं त्या क्षणी तिला लगेच आनंदात नेऊ नका. आधी एक नजर कृष्णाकडे, मग अर्जुनाकडे. महाभारतात 'सौभद्र', म्हणजे सुभद्रेचा मुलगा, हे अभिमन्यूचं नाव आहे, हे तिची भूमिका करणारीला तालमीत एकदा सांगून ठेवा.