रोलर कॅमशाफ्टवर पैसे घालावेत का, हे कसे ठरवावे

जुन्या शेव्हरोलेचे व्ही-८ इंजिन काही कामासाठी खोलले, की मिस्त्री किंवा एखादा हौशी मित्र रोलर कॅमचा विषय काढतोच. (कॅमशाफ्ट, म्हणजेच कॅम, हा इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा; रोलर कॅमवर घासणाऱ्या भागाऐवजी चाक फिरते.) कॅमशाफ्टची किंमत पाहून हा निर्णय घेतला, तर तो बहुधा चुकतो; कारण कॅमशाफ्ट हा त्या बिलाचा एक भाग असतो आणि बऱ्याचदा तो सर्वांत मोठाही नसतो.

प्रथम आपले इंजिन कोणते आहे याची खात्री करावी. शेव्हरोलेची इम्पाला म्हणजे व्ही-८ असे अनेकजण गृहीत धरतात, पण त्या गाडीत सहा सिलिंडरचे इंजिनही येत असे. अँबॅसडर, पद्मिनी किंवा जुनी विलिस जीप असेल, तर विचार इथेच थांबवावा: बाजारात तयार संच मिळत नाही आणि सुटे भाग मुद्दाम बनवून घेण्याइतका फायदा त्या इंजिनांतून होत नाही.

जुन्या पद्धतीत टॅपेटचा (कॅमची उचल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या नळकांड्याचा) तळ कॅमच्या लोबवर, म्हणजे त्यावरच्या उंचवट्यावर, घासत सरकतो. तो तळ किंचित फुगीर आणि लोब किंचित उतरता असतो, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहते आणि झीज एकाच जागी होत नाही. हे फिरणे थांबले, की लोब फार लवकर झिजून गोल होतो. रोलर टॅपेटच्या तळाशी सुयांच्या बेअरिंगवर फिरणारे चाक असते. घर्षण कमी होते आणि व्हॉल्व्ह अधिक वेगाने उघडता येतो, म्हणून तेवढ्याच कालावधीत तो जास्त वेळ पुरेसा उघडा राहतो.

आता सध्याचा कॅम खरोखर गेला आहे का, ते मोजून पाहावे. व्हॉल्व्ह कव्हर काढून टॅपेटवर उभ्या असलेल्या प्रत्येक पुशरॉडच्या (दांडीच्या) डोक्यावर डायल गेज लावावे आणि इंजिन हाताने फिरवून उचल नोंदवावी. इनटेकचे सगळे आकडे एकमेकांशी आणि एक्झॉस्टचे एकमेकांशी जुळायला हवेत. एखादाच आकडा स्पष्टपणे कमी असेल, तर तो लोब झिजला आहे. टॅपेट बाहेर आलेच, तर एकाचा तळ दुसऱ्याच्या कडेला टेकवून उजेडाकडे धरावा. तळ शाबूत असेल तर दोन्ही टोकांना प्रकाशाची बारीक फट दिसते. फट मधोमध दिसली, तर तळ खोलगट झाला आहे आणि ते टॅपेट पुन्हा वापरण्याजोगे नाही. सगळे मोजमाप ठीक असेल, तर केवळ हौसेखातर चालते इंजिन खोलू नये, असे माझे मत आहे.

खर्चाचा खरा अंदाज यानंतर येतो. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ मध्ये कारखान्यातूनच रोलर टॅपेट १९८७ पासून येऊ लागले. त्याआधीच्या ब्लॉकमध्ये जोडीजोडीने पट्टीने जोडलेले, महाग रोलर टॅपेट घ्यावे लागतात. ते उंच असल्याने पुशरॉड आखूड लागतात. ते जडही असतात, म्हणून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक हव्यात; आणि कडक स्प्रिंगांपुढे जुन्या हेडमधले नुसते दाबून बसवलेले रॉकर स्टड (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ धरणारे खिळे) वर सरकण्याचा धोका असतो, म्हणून आटे पाडून नवे स्टड बसवावे लागतात. हे शेवटचे काम वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या मशीन शॉपमध्ये होऊ शकते, मात्र बाकी बहुतेक माल परदेशातून मागवावा लागतो, तेव्हा वाहतूक आणि कस्टम ड्युटी आधीच हिशेबात धरावी. रोलर कॅमचे लोब उतरते नसल्याने कॅम पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला अडवणारे बटण लागते, आणि पोलादी कॅम असेल तर कॅमवरून फिरणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) गिअरही बदलावा लागतो. यादीतून नेमक्या याच दोन वस्तू निसटतात आणि इंजिन आठवडेच्या आठवडे उघडे पडून राहते.

एवढे करून ताकद किती वाढते? बाकी इंजिन मूळचेच असेल, तर अलकापुरीच्या सिग्नलवर किंवा राजमार्गावर सावकाश जाताना चालवणाऱ्याला फारसा फरक जाणवणार नाही. रोलरचा खरा लाभ वेगळाच आहे. साधा नवा कॅम बसवल्यावर इंजिन सुरू होताक्षणी २००० ते २५०० आरपीएमवर वीस ते तीस मिनिटे चालवून लोब आणि टॅपेट एकमेकांना रुळवावे लागतात; रेंगाळत स्टार्टर मारला किंवा ऑइल चुकीचे निघाले, तर नवा कॅम त्याच दिवशी खराब होऊ शकतो. रोलरला हा सोपस्कार लागत नाही. (मे महिन्यातल्या वडोदऱ्यात रेडिएटरसमोर मोठा पंखा लावून, सोसायटीच्या आवारात अर्धा तास असा आवाज करण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगून ठेवणे बरे.)

ऑइलचा प्रश्न मात्र तुलनेने स्वस्तात सुटतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीचा धूर शुद्ध करणारा भाग) जपण्यासाठी एपीआय या अमेरिकी संस्थेच्या २००४ च्या 'एसएम' ऑइल मानकाने ५डब्ल्यू-३० सारख्या हलक्या ऑइलमधील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि लोबला वाचवणारे झिंकयुक्त द्रव्य त्यामुळे घटले. ही मर्यादा २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ऑइलला लागू नाही. झिंक पुरेसे असलेले असे ऑइल निवडले, तर रुळलेला साधा कॅम दीर्घकाळ टिकतो.

म्हणून कॅम आधीच गेलेला असेल, हेडचे कामही करायचेच असेल आणि गाडी नियमित चालत असेल, तर रोलरचा जादा खर्च मला रास्त वाटतो. गाडी वर्षातून चार-दोनदा बाहेर निघत असेल, तर तो वसूल होणार नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण ती मूळ रूपात हवी, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते; तेव्हा इंजिनातला बदल चालेल का, हे आरटीओकडे आधी विचारून घ्यावे. बदल केलाच, तर काढलेला कॅम आणि टॅपेट ऑइल लावून, कोणते टॅपेट कोणत्या लोबचे होते त्याचा क्रमांक प्रत्येक पुडीवर लिहून ठेवावेत, कारण क्रम चुकला तर ते पुन्हा बसवता येत नाहीत.