नर्मदाकाठी पोस्टिंग लागलीय? मग जायच्या आधी हे वाचा

इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचे, १२ आठवडे असतात आणि त्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचं नाव निघालं की आपल्याकडची धुळ्या-जळगावची पोरं लगेच बदलून घ्यायच्या मागे लागतात. मी राहून आलोय म्हणून सांगतो, बदलून घेऊ नका. नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं की बॅकवॉटरच्या, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्याच्या, काठचे कितीतरी पाडे पाण्याने वेढले जातात, काही टेकड्यांची तर बेटंच होतात, आणि मग दवाखाना बोटीने त्यांच्याकडे जातो. वॉर्डात रेफर (मोठ्या दवाखान्यात पाठवा) लिहिलं की आपलं काम संपतं, इथं पेशंट पोचणार कसा आणि किती वेळात हा विचार आधी करावा लागतो, औषधाचा नंतर.

लसीकरणाचा दिवस असेल तर आदल्या रात्रीच नर्सताईंसोबत बसा. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट लसीच्या कॅरियरमध्ये (थंड डब्यात) टाकायचा नाही, बाहेर ठेवायचा, कानाजवळ हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरायचा, नाहीतर पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) गोठते आणि गोठलेली लस टोचली काय न टोचली काय. बीसीजी (क्षयाची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) लस एकदा विरघळवली की ४ तासच चालते, म्हणून कुठल्या पाड्यावर किती पोरं आहेत ते आशाताईंना (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला) विचारूनच कुपी फोडा. इथली पावरी-भिली बोली आपल्याला येत नाही, सगळी भिस्त आशाताईंवरच, त्यांना मान द्या आणि बाईशी बोलताना नजर बाईकडे ठेवा.

आता साप. पावसाळ्यात हे येणारच. रात्री जमिनीवर झोपलेलं पोरगं, पहाटे पोट दुखतंय, पापण्या मिटतायत, अंगावर खूण कुठंच नाही, तर मण्यार धरूनच चाला. रक्त गोठतंय का ते बघायची २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट करताना ट्यूब काचेची, नवी आणि कोरडी हवी, साबणाने धुतलेली चालत नाही, २ मिली रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. पण रक्त गोठलं म्हणून पेशंट सुटला असं नाही हां, गोठणं बिघडतं ते घोणस-फुरशाच्या विषाने, नाग-मण्यारमध्ये टेस्ट नॉर्मलच येते. एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) सुरू करायच्या आधी, त्याची रिअ‍ॅक्शन आली तर हाताशी असावं म्हणून, अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून जवळ ठेवा, मेडिकल ऑफिसरना बोलवा आणि गाडीचीही सोय त्याच वेळी बघायला सांगा.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुस्तकात एक पान असतो, इथं रोजच्या ओपीडीत. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे आजार असं घरच्यांना सांगून मोकळे होऊ नका, वाहक आहे की रुग्ण ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासण्यांवरच कळतं. आणि हातपाय दुखतात म्हणून रडणाऱ्या पोराला नाटकं करतो असं कुणी म्हटलं तर तुम्ही मध्ये पडा, ते दुखणं खरंच भयंकर असतं. कुपोषण बघायला बाळांच्या दंडाला टेप लावली आणि ११.५ सेंमीच्या खाली आली तर दोन्ही पावलांवर अंगठ्याने दाबून सूज बघा, मगच पुढचं ठरवा. तारीख जवळ आलेल्या गरोदर बाईला माहेरघरात (दवाखान्याजवळच्या राहायच्या खोलीत) आणायचं म्हणजे घरच्या म्हाताऱ्या बाईशी बोलावं लागतं, निर्णय तिचा असतो. म्हातारी घरातली शेळ्या-कोंबड्यांची अडचण सांगेल, ती पूर्ण ऐकून घ्या, घाई केली की गरोदर बाई येत नाही.

सुट्टीचं म्हणाल तर कंटाळा येत नाही. तोरणमाळला यशवंत तलाव, सीताखाई. संध्याकाळी पोरांसोबत व्हॉलीबॉल. कुणाच्या घरी मक्याची भाकर आणि उडदाची डाळ मिळाली तर नाही म्हणू नका, आमचूर सुकत घातलेलं अंगण एकदा तरी बघाच. बॅकवॉटरमध्ये पोहायला मात्र उतरू नका, खाली बुडालेली झाडं आहेत, मगरीही आहेत, बोटवाला जे सांगेल ते ऐकायचं.

मार्चमध्ये असाल तर होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार (आदिवासींचे सणाचे बाजार) आणि काठी गावची राजवाडी होळी चुकवू नका. मोठाले ढोल, कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप, रात्रभर नाच. एकाला ड्युटीवर थांबावंच लागतं म्हणून आपसात आधीच ठरवून घ्या, आणि जाताना स्वेटर ठेवा, होळी पहाटे पेटते.