सखल जागेत घर बांधताय? या चुका टाळा

सर्वांत महाग पडणारी चूक भरावाची. खाजनाला (नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीला) किंवा भातशेतीला लागून प्लॉट घ्यायचा, ट्रकांनी माती ओतून तो रस्त्याच्या पातळीला आणायचा आणि सुटलो म्हणायचे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. हे पाणी भरतीच्या वेळी सखल शेतातच थांबते आणि ओहोटी लागली की मानशीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून, नदीत उतरते. शेत भरले की तेच पाणी शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहते. नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ प्रमाणे सखल जमीन भरायला लेखी परवानगी लागते. ‘सगळेच भरतात’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका गावात एका नव्या मालकाला पावसाआधी कंपाउंड पुरे करायचे होते. जागेतून व्हाळ, म्हणजे पावसाळी ओहोळ, जात होता. मे महिन्यात तो कोरडा, म्हणून त्याने तो एका पाईपात घातला आणि वर चिऱ्यांची भिंत चढवली. व्हाळ कुठून कुठे जातो, हे शेजारच्या म्हाताऱ्या भाटकाराने (जमीनमालकाने) सांगितले होते. कुणी ऐकले नाही. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात माडाची चुडते, नारळाची सोडणे आणि प्लास्टिक पाईपाच्या तोंडाशी अडकले. भिंतीमागे तळे साचले, रात्री भिंत कोसळली आणि पाणी खालच्या घराच्या स्वयंपाकघरात घुसले. तिथे राहणाऱ्या बाईचे वर्षभराचे तांदूळ भिजले. शेवटी पाईप उखडून व्हाळ मोकळा करावा लागला. तो पहिल्यापासून तसाच ठेवला असता तर खर्च शून्य होता. व्हाळ ओलांडायचाच असेल तर वर पूल घाला, पात्र अरुंद करू नका.

दुसरी चूक भरती विसरण्याची. गटाराचा उतार लोक रस्त्यापर्यंत मोजतात, पुढे ते नदीला कुठल्या पातळीवर मिळते ते पाहत नाहीत. तोंड भरतीच्या पातळीखाली असेल तर गटार कितीही रुंद केले तरी त्या तासांत पाणी हलत नाही, उलट मागे येते. पणजीचे सखल भाग मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की म्हणूनच तुंबतात. जुन्या लोकांची मानस याचसाठी असते: भरती चढली की तिच्या लाकडी फळ्या पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. मासळीसाठी त्या अडकवून उघड्या ठेवणे हा गावाशी केलेला अन्याय आहे. मी अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला स्वतः गटाराच्या तोंडाशी उभा राहून पाणी कुठवर चढते ते पाहतो, मगच जोत्याची उंची सांगतो. पंप घेऊ म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: पावसात वीज गेली तर?

प्लॉट फक्त उन्हाळ्यात पाहू नका. जुलैत एकदा या.

प्रादेशिक आराखड्यात सेटलमेंट (वस्तीची जमीन) दाखवले आहे, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका; नकाशावरचा रंग पाणी अडवत नाही.

अंगणभर पेव्हर घालू नका. पाणी जिरायला माती हवी.

गटारातला गाळ मे महिन्यातच काढा आणि त्याच दिवशी उचलून न्या. काठावर ठेवलेला ढीग पहिल्या सरीला परत आत जातो.